कंडम रायफलींचें मोल

जुनें तें सोनें ही म्हण घरोघर ऐकूं येते. परंतु व्यवहारांत तिचा प्रत्यय क्वचितच येतो. जुनी सायकल, जुनें शिवणयंत्र, जुना रेडिओ यांस मोडीचा भाव मिळतो, आणि नवें यंत्र निघालें कीं जुन्याची किंमत उतरते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम होय. शस्त्रांच्या बाबतींत तर हा नियम अधिकच कठोर असावयास पाहिजे. कारण जें शस्त्र शत्रूच्या शस्त्राहून मागासलेलें, तें शिपायाच्या प्राणावर बेततें. म्हणूनच प्रत्येक लष्कर कांहीं वर्षांनीं आपल्या रायफली बदलतें आणि जुन्या कंडम ठरवून भांडारांत टाकतें. असें असतां, ज्या रायफली एके काळीं अमेरिकेंतील दुकानांत पिंपांत काठ्या-छत्र्यांसारख्या उभ्या करून विकल्या जात, त्यांतील कित्येकींचा भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चौपट-पांचपट झाला आहे. लढाईस निरुपयोगी ठरलेली वस्तु बाजारांत महाग कां व्हावी, हें कोडें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु त्याचा उलगडा केल्यास बाजार, कायदा आणि मनुष्यस्वभाव या तिहींचेंही दर्शन घडतें.

प्रथम या रायफली किती संख्येनें जन्मास आल्या हें पाहूं. रशियाची मोसिन-नागां रायफल १८९१ सालीं लष्करांत आली. झारच्या राजवटींत व पुढें सोव्हिएट राजवटींत तूला, इझेव्स्क इत्यादि ठिकाणच्या कारखान्यांतून तिचे सुमारें ३ कोटी ७० लाख नग बाहेर पडले. जर्मनीची मौझर जातीची ‘९८ के’ ही रायफल १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत १ कोटी ४० लाखांहून अधिक निघाली. ब्रिटिश साम्राज्याची ली-एनफील्ड सर्व प्रकार मिळून दीड कोटीच्या वर गेली. अमेरिकेच्या लष्करानें १९३६ सालीं स्वीकारलेली एम-१ रायफल, जी स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यांत जॉन गॅरंड यांनीं रचली व जी त्यांच्याच नांवानें ओळखली जाते, ती सुमारें ५४ लाख तयार झाली. एवढ्या प्रचंड संख्येनें असलेली वस्तु दुर्मिळ होईल अशी कल्पना त्या काळीं कोणासही आली नसती.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि थोड्याच वर्षांत आपोआप गोळी भरणाऱ्या, पुढें तर एकामागून एक गोळ्यांचा वर्षाव करणाऱ्या नव्या रायफली सर्वत्र आल्या. प्रत्येक गोळीनंतर हातानें बोल्ट मागें-पुढें सारावा लागणाऱ्या जुन्या रायफलींचे ढीग युरोपांतील भांडारांत सांचले. ते ढीग विकत घेण्यास व्यापारी पुढें आले. त्यांत सॅम्युअल कमिंग्ज या अमेरिकन गृहस्थाचें नांव प्रमुख आहे. त्यानें १९५३ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें देशोदेशींच्या सरकारांकडून जहाजेंच्या जहाजें भरून जुनीं शस्त्रें घेतलीं आणि व्हर्जिनिया राज्यांतील अलेक्झांड्रिया येथें नदीकांठच्या गुदामांत आणून तीं किरकोळ विक्रीस काढलीं. त्या वेळीं अमेरिकेंत रायफल टपालानें मागवितां येत असे. मासिकांतून जाहिराती येत. कूपन भरून धाडावें आणि घरबसल्या रायफल यावी, अशी व्यवस्था होती.

या स्वस्ताईचा शेवट एका भीषण घटनेनें झाला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डल्लस शहरांत अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला. ज्या रायफलीनें तो झाला, ती इटलीच्या लष्करानें टाकून दिलेली कार्कानो रायफल असून शिकागोच्या एका दुकानाच्या जाहिरातीवरून टपालानें मागविलेली होती. दुर्बिणीसह तिची छापील किंमत १९ डॉलर ९५ सेंट एवढीच होती. पुढें १९६८ सालीं आणखी दोन मोठे राजकीय खून झाल्यावर अमेरिकेच्या कायदेमंडळानें शस्त्रांचा नवा कायदा केला. टपालानें होणारी विक्री बंद झाली व लष्करी जुन्या रायफलींची परदेशांतून होणारी आयातही बंद झाली. मूल्यवाढीचें पहिलें बीज येथें पडलें. मालाचा ओघ आटला म्हणजे आधीं आलेला माल हळूहळू वर चढूं लागतो, हें साध्या वाण्यासही ठाऊक असतें.

१९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास मात्र हा दरवाजा पुन्हां किलकिला झाला. पन्नास वर्षांहून जुन्या, संग्राह्य मानलेल्या शस्त्रांस आयातीची मोकळीक मिळाली. लवकरच सोव्हिएट संघाचा १९९१ सालीं अंत झाला आणि पूर्व युरोपांतील भांडारांचीं दारें उघडलीं. जाड, चिकट वंगणांत बुडवून लांकडी पेट्यांत बंद केलेल्या लाखों मोसिन-नागां रायफली अमेरिकेंत उतरल्या. या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांतील एक रायफल शंभर डॉलरांच्या आंत, संगीन व काडतुसांच्या पट्ट्यासह सहज मिळे. पत्र्याच्या सीलबंद डब्यांत ४४० काडतुसें येत, तींही अत्यंत स्वस्त. त्या काडतुसांच्या टोपींतील रसायनानें नळींत क्षार राहतो व तो हवेंतील ओल शोषून नळीस गंज चढवितो. म्हणून गोळ्या झाडल्यावर नळी पाण्यानें धुवावी, मग तेल लावावें, एवढी एक दक्षता घेतली म्हणजे झालें. शाळकरी मुलाच्या सुटींतल्या मजुरींतही परवडावा असा हा छंद होता.

हा दुसरा ओघही पुढें तीन कारणांनीं आटला. पहिलें कारण राजकीय. युक्रेनच्या प्रकरणीं २०१४ पासून अमेरिकेनें रशियन शस्त्र-कंपन्यांवर निर्बंध घातले, आणि २०२१ सालीं रशियन शस्त्रें व काडतुसें यांच्या आयातीस नवे परवाने देणें बंद केलें. अमेरिकेनें मित्रराष्ट्रांस दिलेल्या स्वतःच्याच गॅरंड रायफली खासगी व्यापाऱ्यांनीं परत आणण्यावरही २०१३ सालीं बंदी आली. तत्पूर्वीं दक्षिण कोरियांतील अशा रायफलींचा मोठा सौदा सरकारनें अडविला होता. दुसरें कारण नाशाचें. २००१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें लहान शस्त्रांच्या चोरट्या व्यापारास आळा घालण्याचा जो कार्यक्रम संमत केला, त्यांत लष्करांनीं अतिरिक्त शस्त्रांची विल्हेवाट शक्य तों नाश करूनच लावावी असें सुचविलें आहे. ऑस्ट्रेलियानें १९९६ सालच्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर लोकांकडून सहा लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन घेतल्या व त्या चेचून टाकल्या. त्यांत कांहीं जुन्या लष्करी रायफलीही गेल्या. तिसरें कारण खुद्द मालकांचें अज्ञान. स्वस्ताईच्या काळांत हजारों लोकांनीं या रायफलींचे लांकडी दस्ते कापले, नळ्या आंखूड केल्या, जुन्या निशाणपट्ट्या घासून काढल्या आणि त्यांच्या शिकारी बंदुका बनविल्या. वीस डॉलरांच्या वस्तूवर करवत चालवितांना कोणाचा हात कांपणार? आज मात्र त्याच करवतीमुळें अनेक रायफलींचें मोल निम्म्याहून खालीं गेलें आहे, आणि ज्या अस्पर्श राहिल्या त्या तेवढ्याच वर चढल्या आहेत.

पुरवठा असा आटत असतां मागणी वाढत गेली. तिचें मूळ स्मृतींत आहे. ज्यांनीं या रायफली रणांगणावर वाहिल्या ती पिढी या शतकाच्या आरंभीं झपाट्यानें नाहींशी होऊं लागली. आणि माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूचें मोल वाटूं लागणें हा मनुष्यस्वभाव आहे. १९९८ सालीं नॉर्मंडीच्या उतरणीवर आणि २००१ सालीं स्टालिनग्राडच्या लढाईवर निघालेल्या चित्रपटांनीं गॅरंड व मोसिन-नागां यांस नवा लौकिक मिळवून दिला. पाठोपाठ संगणकावरील युद्धाचे खेळ आले. ज्या मुलांनीं दहाव्या-बाराव्या वर्षीं पडद्यावर मौझर चालविली, तीं आतां कमावतीं झालीं आहेत आणि खरी मौझर हातांत घेऊं इच्छितात. तेव्हां नातवास आजोबांच्या कथांनीं जें वेड लागलें नसतें, तें चलच्चित्रांनीं लावलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या बाजारांत एक संस्था विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. नागरिकांस नेमबाजी शिकविण्याचा जो उपक्रम अमेरिकन सरकारनें १९०३ सालीं सुरू केला, तो १९९६ सालीं एका स्वतंत्र, ना-नफा संस्थेकडे सोंपविण्यांत आला. अलाबामा राज्यांतील अॅनिस्टन व ओहायो राज्यांतील कॅम्प पेरी येथें तिचीं केंद्रें आहेत. लष्करानें दिलेल्या गॅरंड रायफली तपासून, प्रतवारी लावून, ती पात्र नागरिकांस विकते व त्या पैशांवर मुलांचे नेमबाजीचे वर्ग चालविते. फिलिपाइन्सकडून परत आलेल्या रायफलींमुळें तिच्या भांडारांत कांहीं वर्षांपूर्वीं मोठी भर पडली. तरीही जी मध्यम प्रतीची रायफल २०१० च्या सुमारास पांचशें-सहाशें डॉलरांस मिळे, ती आतां हजार डॉलरांच्या घरांत गेली आहे. कारण उघड आहे. स्प्रिंगफील्डचा कारखाना १९६८ सालींच बंद झाला. त्याच्या जागेवर आज संग्रहालय आहे. भांडारांत येणारी प्रत्येक रायफल ही शेवटच्या कांहींपैकीं एक आहे, हें विकणारा व घेणारा दोघेही जाणतात.

आतां या मूल्यवाढीकडे हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. कारण जाहिरातींतून ‘रायफल घ्या, श्रीमंत व्हा’ असा जो सूर निघतो तो सर्वस्वीं खरा नाहीं. १९६३ सालच्या वीस डॉलरांची खरेदीशक्ति आजच्या सुमारें दोनशें डॉलरांएवढी होती. म्हणजे त्या काळची रायफल आज दोनशें डॉलरांस विकली गेली, तर तिचें मोल वाढलें नसून केवळ डॉलरचें मोल घटलें, असें म्हणावें लागेल. दुसरें उदाहरण घेऊं. समजा, कोणीं २००५ सालीं ८० डॉलर देऊन मोसिन-नागां घेतली व २०२५ सालीं ती ३२० डॉलरांस विकली. किंमत चौपट झाली हें खरें. परंतु वीस वर्षांत चौपट म्हणजे चक्रवाढीनें दरसाल सुमारें सात टक्के. त्यांतून महागाईचा भाग वजा केला तर निव्वळ वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास उरते. त्याच वीस वर्षांत न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील पांचशें मोठ्या कंपन्यांचा निर्देशांकही चौपटीहून अधिक वाढला, आणि डिव्हिडंड मिळाला तो वेगळाच. रायफलीस डिव्हिडंड नाहीं. उलट तिला तेलपाणी, कुलूपबंद कपाट व विमा लागतो, आणि विकतांना दलालाची दलाली जाते. तात्पर्य, ज्यास वस्तूची आवड आहे त्यास ती वाढत्या किंमतीची मिळाली हें सुदैव; परंतु केवळ नफ्याच्या आशेनें जो तीत पडेल त्यास टपालाचीं प्रमाणपत्रेंच बरीं.

शिवाय सर्व रायफली सारख्या वाढत नाहींत. एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन रायफलींत तिपटीचें अंतर पडतें. जाणकार प्रथम क्रमांक पाहतो. नळीचा सांगाडा, बोल्ट, मॅगझिन यांवर ठोकलेले क्रमांक एकच असतील तर ती रायफल जन्मापासून अखंड आहे. निरनिराळे असतील तर कोठें तरी दुरुस्तींत तिचे भाग अदलाबदल झाले आहेत. नंतर तो नळींत प्रकाश पाडून आंतील पिळदार खांचा झिजल्या आहेत कीं शाबूत आहेत हें पाहतो. आयात करणाऱ्या व्यापाऱ्यास कायद्यानें आपलें नांव धातूवर कोरावें लागतें. असा कोरीव शिक्का नसलेली, शिपायानें युद्धांतून थेट घरीं नेलेली रायफल अधिक मोलाची ठरते. स्वित्झर्लंडमध्यें १९३१ च्या नमुन्याच्या रायफलींच्या दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी काढली असतां आंत कित्येकदां एक लहानसें कार्ड निघतें; त्यावर ती रायफल बाळगणाऱ्या शिपायाचें नांव व गांव लिहिलेलें असतें. त्या कागदाच्या तुकड्यासाठीं घेणारा आनंदानें जास्त पैसे मोजतो.

जेथें मोल तेथें बनावट, हा नियम येथेंही लागू आहे. साध्या रायफलीवर दुर्बीण बसवून ती नेमबाजाची म्हणून विकणें, पुसट झालेले शिक्के नव्यानें ठोकणें, क्रमांक जुळवून घेणें, हे प्रकार सर्रास चालतात. पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल म्हणून गांव आहे. तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातानें ली-एनफील्ड व मार्टिनी-हेन्री यांच्या हुबेहूब नकला करीत आले आहेत. राजमुकुटाचा शिक्का, इंग्रजी अक्षरें, साल, सर्व कांहीं त्यांवर असतें; मात्र एखादें अक्षर उलटें पडतें आणि कारागिराचें गुपित फुटतें. अफगाणिस्तानांत गेलेल्या अमेरिकन शिपायांनीं बाजारांतून पुराणवस्तु म्हणून घेतलेल्या अनेक बंदुका अशाच निघाल्या. अशा नकली बंदुकीचें पोलाद हलकें असल्यामुळें ती झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटण्याचें भय असतें. लष्करानें केवळ कवायतीसाठीं ठेवलेल्या, ‘डी पी’ असा शिक्का मारलेल्या रायफलींचीही तीच गोष्ट. त्या भिंतीवर शोभतात, खांद्यास लावावयाच्या नव्हेत.

या व्यवहाराशीं आपल्या देशाचाही संबंध आहे. बंगालमध्यें इशापूर येथें या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं रायफलींचा सरकारी कारखाना निघाला व तेथें ली-एनफील्ड तयार होऊं लागली. तिचीं .३०३ मापाचीं काडतुसें पुण्याजवळ खडकी येथील १८६९ सालीं स्थापन झालेल्या कारखान्यांत बनत. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशीं अक्षरें असत. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत कुतच्या वेढ्यांत अडकलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या डोंगरांत मराठा लाइट इन्फंट्री लढली. दोन्ही ठिकाणीं शिपायाचा सोबती ली-एनफील्ड हाच होता. स्वातंत्र्यानंतर १९६२ सालच्या चिनी आक्रमणानें शस्त्रांची उणीव उघडी पडली, तेव्हां इशापूरच्या कारखान्यानें त्याच जुन्या रचनेंत चांगलें पोलाद वापरून, ७.६२ मापाचीं नवीं काडतुसें घेणारी ‘२ ए’ ही रायफल काढली. चौकोनी मॅगझिनची ही भारतीय रायफल पुढें अमेरिकेच्या बाजारांत शंभर डॉलरांच्या आंत विकली गेली. आज तीही संग्राहक शोधीत असतात. दस्त्याच्या पुढील भागांतील आडवा स्क्रू ही इशापूरची ओळख समजली जाते.

काठमांडूची हकीकत याहूनही विलक्षण आहे. तेथें लगन सिलेखाना नांवाच्या जुन्या वाड्यांत नेपाळच्या राजवटीचीं जुनीं शस्त्रें कित्येक पिढ्या धूळ खात पडलीं होतीं. इंग्रजांनीं दिलेल्या बंदुका, मार्टिनी-हेन्री रायफली आणि गहेंद्र शमशेर यांनीं नेपाळांतच घडविलेल्या रायफली यांचा तो साठा २००३ सालीं अमेरिकन व्यापाऱ्यांनीं विकत घेतला. हिमालयाच्या कुशींतील तें भांडार आज अमेरिकेंतील दिवाणखान्यांत वांटलें गेलें आहे.

भारतांत मात्र या रायफलींचा खुला बाजार नाहीं. .३०३ हें माप लष्करी म्हणून सामान्य नागरिकास निषिद्ध आहे; त्यामुळेंच इशापूरच्या कारखान्यानें नागरिकांसाठीं .३१५ मापाची वेगळी रायफल काढली. पोलिसांकडे मात्र जुनी रायफल फार काळ राहिली. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या अत्याधुनिक रायफलींपुढें कांहीं पोलिसांच्या हातांत .३०३ होती. संग्राहकाच्या कपाटांत जी अमोल ठरते, ती कर्तव्यावर असलेल्या शिपायाच्या हातांत किती अपुरी, याचें याहून कटु उदाहरण मिळणार नाहीं. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं २६ जानेवारी २०२० च्या संचलनांत तिला समारंभपूर्वक निरोप दिला.

येथील घरांस या विषयापासून घेण्यासारखा बोध वेगळाच आहे. वडिलोपार्जित बंदूक घरांत असेल तर परदेशांतील लिलावाचे आंकडे वाचून हुरळून जाण्यांत अर्थ नाहीं. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसानें आपल्या नांवें परवाना मागावा. तो मिळेपर्यंत १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें शस्त्र पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस तीनऐवजीं दोनच शस्त्रें बाळगतां येतात, आणि वारशाचें शस्त्रही त्यांतच धरलें जातें. जें शस्त्र पुराणवस्तु असून दुरुस्तीनेंही चालण्याजोगें राहिलें नाहीं, त्यास कायद्यांतून सूट आहे. परंतु तें तसें आहे कीं नाहीं हें घरच्या घरीं ठरवूं नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तु देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुराणवस्तु-कायद्याची आडकाठी आहे. आणि जुन्या लोखंडास चकचकीत करण्याच्या भरांत त्यावरील शिक्के व क्रमांक घासून टाकूं नयेत; इतिहासाचा पुरावा त्यांतच असतो.

एक प्रश्न उरतोच. माणसें मारण्यासाठीं घडविलेल्या वस्तूचें मोल वाढावें यांत समाधान कसलें? अशीं शस्त्रें वितळवून टाकावींत असें म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाहीं. १९६३ सालचें डल्लस विसरण्यासारखें नाहीं. पण ज्यांनीं तीं जपलीं त्यांचेंही म्हणणें ऐकण्यासारखें आहे. रायफल स्वस्त होती तेव्हां ती कोणाच्याही हातांत पडे आणि कोणीही तिची मोडतोड करी. महाग झाली तेव्हां तिला कुलूप लागलें, तिची नोंद झाली, तिचा इतिहास शोधला जाऊं लागला. दोन्ही बाजूंस मान्य व्हावी अशी वाट संग्रहालयाची आहे. जेथें गोळी सुटणार नाहीं, परंतु क्रमांक वाचतां येईल, आणि दस्त्याच्या बुडाशीं दडलेल्या कार्डावरील शिपायाचें नांव पाहतां येईल, तेथें या कंडम रायफलींस खरी जागा आहे. आणि तेथें त्यांची किंमत कोणीं विचारण्याचेंही कारण उरत नाहीं.